बटव्याची नाडी आवळून पेशी खरंच तुटते का? (दहावीच्या वर्गात अडकलोय)

तासगावचा_मास्तर

नमस्कार मंडळी. दहावीला विज्ञान भाग 2 शिकवतो. गेल्या आठवड्यात पेशी विभाजन चालू होतं, प्रकल विभाजन म्हणजे केंद्रकाचं विभाजन झालं, पूर्वावस्था मध्यावस्था पश्चावस्था अंत्यावस्था सगळं फळ्यावर काढून झालं आणि शेवटी परिकल विभाजनाला, म्हणजे अख्ख्या पेशीच्या दोन होण्याला आलो. पुस्तकात दोन-तीन ओळी आहेत, प्राणीपेशीच्या मध्यावर खाच पडते, खाच खोल खोल जाते, दोन जन्यपेशी तयार. मी दरवर्षी त्याला एक उदाहरण देतो, घरून आईचा जुना पानाचा बटवा नेतो, मधून नाडी बांधतो आणि पोरांसमोर आवळतो, बघा रे अशी खाच पडते.

यंदा तिसऱ्या बाकावरचा एक पोरगा उठला, बटवा हातात घेतला, नाडी जितकी ओढता येईल तितकी ओढली आणि म्हणाला, सर कितीबी आवळा, मधी भोक राहतंयच की, मग दोन वेगळ्या कशा झाल्या? त्यात करंगळी घालून दाखवली वर. आता काय बोलणार. म्हटलं उद्या सांगतो.

घरी येऊन मायक्रोस्कोपखालचे खऱ्या पेशींचे व्हिडिओ बघत बसलो आणि अजूनच गोंधळलो. खाच पडते ते दिसतंच, पण त्यानंतर त्या दोन पेशी एकमेकींकडे पाठ करून चक्क चालू लागतात, वाटणीवरून भांडण झालेल्या जावांसारख्या, आणि मध्ये एक बारीक दोरा राहतो तो ताणला जातो ताणला जातो आणि मग कधीतरी जातो. तर माझे दोन प्रश्न. हे चालणं विभाजनाचाच भाग आहे का, की विभाजन झाल्यावर आपापल्या कामाला निघाल्यात? आणि तो दोरा नक्की तोडतं कोण? सोप्या भाषेत सांगा, मी बीएस्सी केमिस्ट्रीचा माणूस आहे.

---

पेट्रीडिश

मास्तर, तुमच्या त्या पोराला माझ्याकडून एक वडापाव. मी पुण्यात एका लॅबमध्ये टिश्यू कल्चर करते, म्हणजे दिवसभर हूडसमोर बसून पेशींना खायला घालणं आणि जागा कमी पडली की दुसऱ्या फ्लास्कमध्ये हलवणं हेच काम, त्यामुळे हा सीन रोजचा आहे. आधी काय दिसतं ते सांगते मग कारण.

एरवी पेशी फ्लास्कच्या तळाला चिकटून पसरलेली असते, धिरड्यासारखी चपटी. विभाजनाची वेळ आली की ती तळाची पकड बरीचशी सोडते आणि गोल होते, मायक्रोस्कोपखाली चमकते, भिजवलेल्या साबुदाण्यासारखी दिसते अगदी. इतकी सैल बसलेली असते की फ्लास्कला बाजूनं टपली मारली की गोल झालेल्या तेवढ्या सुटून वर तरंगतात, आम्ही हीच युक्ती वापरून विभाजनातल्या पेशी वेगळ्या काढतो, 1963 पासून चालत आलेली पद्धत आहे. पण पूर्ण सुटत नाही हं ती. जिथे जिथे आधी पाय रोवलेले होते तिथून बारीक बारीक तंतू राहतात, तंबूच्या दोऱ्यांसारखे, आणि पुढे परत पसरायचं असतं तेव्हा ती याच खुणांवरून जाते.

मग मध्ये खाच. तुमची नाडी म्हणजे ॲक्टिन आणि मायोसिन या प्रथिनांचं वलय, तेच दोघं जे आपल्या स्नायूत असतात, आणि ते खरोखर आवळतं, तुमचं उदाहरण चूक नाहीये. खाच पडत असताना दोन्ही टोकांना पेशीचा पृष्ठभाग उकळत्या पिठल्यासारखा बुडबुडतो, हे पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं पेशी मेली. आणि लगेच त्या बुडबुडणाऱ्या बाहेरच्या टोकांना चपटे पाय फुटतात, तळाला धरतात आणि दोघी विरुद्ध दिशेला निघतात.

आता मुद्द्याचं. विरुद्ध दिशेला जाणं हा योगायोग नसतो. गुणसूत्रं ओढून नेणाऱ्या त्या धाग्यांचा जो मधला पट्टा उरतो तिथून पेशीच्या कमरेला निरोप जातो की इथे आवळा, त्या निरोप्या प्रथिनाचं नाव ऱ्हो. आणि पाय पसरायला लावणारा दुसरा निरोप्या आहे रॅक, त्याला कमरेपाशी दाबून ठेवलेलं असतं. म्हणजे मध्ये आवळणं चालू आणि पसरणं बंद, टोकांना उलटं. त्यामुळे पाय फुटले तर बाहेरच्या बाजूलाच फुटणार आणि चालल्या तर एकमेकींपासून लांबच जाणार. तर पहिल्या प्रश्नाचं उत्तर, हो, तळाला धरून चालणाऱ्या पेशींमध्ये तो विभाजनाचाच भाग आहे.

याचा सगळ्यात भारी पुरावा प्राण्यांमधला नाहीये खरं तर, डिक्टिओस्टेलियम नावाचा मातीतला अमिबा आहे त्यातला आहे. 1987 साली दोन गटांनी, एकात डी लोझान आणि स्पुडिच, दुसऱ्यात नेक्ट आणि लूमिस, या अमिबातलं ते मायोसिनच घालवलं किंवा जवळपास घालवलं. म्हणजे नाडीच काढून घेतली बटव्याची. असे अमिबे द्रवात हलवत तरंगत ठेवले तर केंद्रकं दुप्पट दुप्पट होत जातात पण पेशी काही विभागत नाही, फुगत जाते नुसती, एकीत ढीगभर केंद्रकं. आणि तेच अमिबे काचेवर ठेवले की तुकडे पडून दोन होतात! नाडी नाही तर पायांनी काम भागवलं, दोन बाजूंनी चालत गेल्या आणि मधला भाग ताणून बारीक झाला. नंतर बारकाईनं बघितलं तेव्हा कळलं की हे वाट्टेल तेव्हा होणारं फाटणं नाही, वेळेवर, केंद्रकं वेगळी झाल्या झाल्या, मध्ये व्यवस्थित खाच पडून होतं. म्हणून त्याला वेगळं नाव पडलं, नाडीवालं ते अ प्रकारचं आणि पायांवर चालणारं ते ब प्रकारचं.

दोऱ्याचं संध्याकाळी लिहिते, आत्ता पेशींचा मीडिया, म्हणजे त्यांचं खाण्याचं पाणी, बदलायचाय.

---

शंकेखोर_काका

थांबा जरा. हे सगळं छान आहे पण मास्तर उद्या वर्गात जाऊन "पेशी चालून विभागते" असं सांगतील आणि ते चूक होईल म्हणून लिहितोय.

बेडकाचं अंडं घ्या, एक मिलिमीटरच्या वर असतं, साध्या भिंगातून दिसतं, पहिलं विभाजन होतं तेव्हा कुठे चालत जातं हो ते? जागच्या जागी खाच पडते. समुद्री साळिंदराची अंडी तर पाण्यात नुसती पडलेली असतात, धरायला काही नाही, तरी दोनाची चार चाराची आठ होतात. या जातीच्याच एका प्राण्याच्या, सँड डॉलरच्या अंड्यावर रॅपापोर्ट नावाच्या शास्त्रज्ञानं 1961 मध्ये काचेचा मणी दाबून त्याला मेदूवड्यासारखं भोकाचं केलं होतं, खाच कुठे पडायची हे कोण ठरवतं हे शोधायला, त्यात पायबिय काही नव्हते. आणि तुमच्या लॅबमधल्याच हेला पेशी, माणसाच्या कॅन्सरमधून काढलेल्या, 1951 पासून जगभर वाढवतायत, त्यांचे काही प्रकार तर ढवळत्या द्रवात तरंगत वाढतात. रक्ताच्या कॅन्सरच्या पेशी पण तरंगतच विभागतात. त्यांचं काय म्हणणं आहे?

नाडी ही मुख्य. चालणं हे झालं तर झालं. आणि अमिबाचं उदाहरण देऊन प्राणीपेशीबद्दल बोलणं हे मला नेहमीच खटकतं, अमिबा हा प्राणी नव्हे.

---

पेट्रीडिश

काका बरोबर आहे तुमचं, म्हणून मी "तळाला धरून चालणाऱ्या पेशींमध्ये" असं लिहिलं होतं, पण ठीके अजून ठळक लिहायला हवं होतं. अंड्याला चालायची गरज नाही, रक्तपेशीला पण नाही.

पण "झालं तर झालं" याला माझी हरकत आहे. प्राणीपेशींमधलंच देते. 1979 मधलं काम आहे, ऑर्ली आणि सातो. उंदराच्या अंडाशयातल्या पेशी सीरमशिवाय (म्हणजे एरवी खाण्यात घालतात तो रक्तातला द्रव न घालता) वाढवायला घेतल्या, केंद्रकं दोन होतायत पण पेशी एकच राहतेय असं व्हायला लागलं. मग फायब्रोनेक्टिन घातलं, म्हणजे पेशीला तळ धरायला लागतो तो गोंद, आणि पेशी परत नीट विभागायला लागल्या. नाडी तर दोन्ही वेळेला होतीच की. पाय रोवायला जागा मिळाली एवढाच काय तो फरक. माणसाच्या एचटी1080 नावाच्या पेशी आहेत, त्यांचं मायोसिन औषधानं बंद पाडलं तरी त्या चिकटलेल्या असल्या तर विभागून दाखवतात, म्हणजे अमिबाची ट्रिक आपल्यातही आहे. आणि जोर किती लावतात तेही मोजलंय, बर्टन आणि टेलर यांनी 1997 मध्ये पेशी रबरासारख्या लवचिक सिलिकॉनच्या पापुद्र्यावर वाढवल्या, पेशी विभागताना खालचं ते रबर कसं ओढलं जातं त्यावरून जोर काढला.

त्यामुळे मी असं म्हणेन की नाडी आणि पाय दोन्ही असतात, कुठल्या पेशीला कुणावर किती भिस्त हे त्या पेशीवर. तरंगणारीची सगळी भिस्त नाडीवर. चिकटून राहणारीकडे दोन्ही, एक ढिलं पडलं तर दुसरं सांभाळून घेतं.

---

हिस्टो_ताई

मी पॅथॉलॉजिस्ट आहे, मला स्लाईडवर मेलेल्याच पेशी बघायची सवय त्यामुळे चालणंबिलणं कधी दिसत नाही, पण परिकल विभाजन न झाल्याचे पुरावे रोज दिसतात. यकृताची स्लाईड लावा, एका पेशीत दोन केंद्रकं असलेल्या पेशी सर्रास, आणि निरोगी माणसात हं. तिथे शरीरानंच ठरवून शेवटची पायरी सोडून दिलेली असते. ट्यूमरच्या गाठीमध्ये मात्र अशा पेशी दिसल्या की आम्ही जरा सावध होतो, कारण दुप्पट गुणसूत्रांची पेशी पुढच्या वेळेला वाटणी करताना गडबड करू शकते.

पण मला लिहायचंय ते वेगळंच. काका अमिबावर चिडलेत तरी अमिबाचंच सांगते कारण हे मुलांना सांगितल्याशिवाय राहवणार नाही तुम्हाला. आमांशाचा जो जंतू त्याचा एक भाऊबंद आहे, एंटअमिबा इनव्हेडन्स, साप-सरड्यांच्या आतड्यात राहतो. तो विभागताना कधीकधी अडकतो, दोघी विरुद्ध बाजूला ओढतायत आणि मधला दोरा काही केल्या तुटत नाही. अशा वेळी शेजारचा तिसराच एक अमिबा लांबून सरळ चालत येतो आणि दोघींच्या मध्ये घुसून दोरा तोडतो! 2001 मध्ये इस्रायलच्या वाइझमन इन्स्टिट्यूटमधल्या लोकांनी हे नेचर या विज्ञानपत्रिकेत छापलं आणि त्या तिसऱ्याला त्यांनी सुईणच म्हटलंय. वाट चुकून येत नाही तो, विभागणारा अमिबा आजूबाजूच्या पाण्यात काहीतरी रसायन सोडतो त्याच्या मागावर येतो. पुढे काही वर्षांनी पेट्रीडिशच्या त्या मातीतल्या अमिबातही असंच दिसलं.

आमच्या आजीला गावात रात्री-अपरात्री बोलावणं यायचं बाळंतपणाला, कंदील घेऊन निघायची. मी पेपर वाचला तेव्हा तीच डोळ्यासमोर आली.

---

पुलाचा_माणूस

मी मेकॅनिकलवाला, वाचनमात्र असतो. यात इतकं काय अवघड आहे? दोन बाजूंनी ओढलं की मधला भाग बारीक होणार, बारीक झाला की तिथे ताण वाढणार, अजून बारीक होणार, तुटणार. लॅबमध्ये लोखंडाची कांडी ओढून तोडतो तेव्हा हेच होतं, मध्ये कंबर पडते आणि कट्टकन तुटते. जितक्या जोरात ओढाल तितकी लवकर. दोरा चालण्यामुळे तुटतो, प्रश्न सुटला.

---

पेट्रीडिश

पुलाचा माणूस, मलाही अगदी हेच वाटायचं आणि पुस्तकांतही बरेच वर्षं साधारण असंच होतं. गंमत अशी की आपल्या पेशींमध्ये उलटं निघालं. हा मास्तरांचा दुसरा प्रश्न, म्हणून जरा सविस्तर लिहिते, चहा घेऊन बसा.

आधी त्या पोराचं भोक. नाडी पूर्ण आवळली जात नाही कारण मध्ये सामान अडकलेलं असतं, गुणसूत्रं ओढणाऱ्या नळ्यांची अख्खी जुडी त्या कमरेतून आरपार गेलेली असते. मूठभर काड्यांभोवती दोरी आवळल्यासारखं. त्यामुळे साधारण एक-दीड मायक्रॉनवर (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) येऊन नाडी थांबते, आणि दोन्ही पेशींमध्ये एक नळकांडं राहतं, त्याच्या मधोमध एक गाठ, ती वाल्थर फ्लेमिंग या जर्मन शास्त्रज्ञानं 1891 मध्येच पाहिली होती म्हणून तिला फ्लेमिंग बॉडीही म्हणतात. आवळायला दहा-पंधरा मिनिटं पुरतात पण हे नळकांडं पुढे तासभर, कधी त्याहून बराच जास्त वेळ टिकतं. म्हणजे पोरगं शंभर टक्के बरोबर आहे, बटवा आवळून झाल्यावरही दोन्ही पेशी आतून जोडलेल्याच असतात.

ते कापायला वेगळी टोळी येते. एस्कॉर्ट-थ्री नावाची प्रथिनं नळकांड्याच्या आतून, गाठीच्या शेजारी, स्प्रिंगसारखी वेटोळी घालतात आणि आतल्या आत आवळत नेतात, आणि स्पास्टिन नावाचं एक प्रथिन त्या नळ्यांची जुडी कापून वाट मोकळी करतं. मग पडदा दोन्हीकडून मिटतो आणि सुटतो. पेशीला भोक पडत नाही, आतला रस सांडत नाही. तुमच्या लोखंडाच्या कांडीसारखं कट्टकन तुटलं असतं तर दोघी तिथल्या तिथे फुटल्या असत्या बघा.

आता चालण्याचं. 2013 मध्ये पॅरिसच्या क्युरी इन्स्टिट्यूटमधल्या गटानं सायन्स या विज्ञानपत्रिकेत छापलं, हेला पेशींवर. जन्यपेशी चालत असतात तेव्हा दोरा खरंच ताणलेला असतो, पण ताण जास्त असेल तोवर ही एस्कॉर्ट टोळी कामाला लागतच नाही. त्यांनी लेसरनं दोऱ्यावरचा ताण काढून टाकला तर टोळी गोळा झाली आणि दोरा लवकर कापला गेला. आणि दाटीवाटीत वाढणाऱ्या पेशी, ज्यांना चालायला जागाच नसते, त्या मोकळ्या जागेतल्यांपेक्षा लवकर सुटतात! म्हणजे ओढलं की उशीर, ढिलं सोडलं की सुटका.

त्यामुळे चालण्याचं काम वेळेनुसार बदलतं. सुरुवातीला कंबर बारीक करायला, दोघींना लांब न्यायला ते उपयोगी, नाडी कमजोर असेल तर तारणारं. शेवटच्या कापणीला मात्र तेच आड येतं. असं का असावं यावर लॅबमध्ये भरपूर वाद होतात, मला पटणारं एक म्हणजे दोघी अजून ओढाताण करतायत म्हणजे अजून आपापल्या जागी बसलेल्या नाहीत, शेजारणींशी नीट जोडल्या गेल्या की मग कापा. पण हे माझं मत हं, फळ्यावर लिहू नका.

---

पुलाचा_माणूस

मान गये. कांडी परत घेतो. पण मग सुईणवाला अमिबा? तिथे तर धक्का मारूनच तुटतो ना?

---

हिस्टो_ताई

तिथे धक्क्यानंच. म्हणून तर ते वेगळं लिहिलं मी. अमिब्याची कापणी आणि आपली कापणी सगळ्याच बाबतीत सारखी असेल असं नाही, काकांचा मुद्दा इथे मात्र मान्य.

---

शंकेखोर_काका

आभारी आहे. एवढ्याचीच वाट बघत होतो.

---

तासगावचा_मास्तर

मंडळी, काय लिहिलंय सगळ्यांनी, दोनदा वाचलं, दुसऱ्यांदा वही घेऊन.

काल वर्गात केलं ते सांगतो. बटव्याच्या मधून आधी खराट्याच्या पंधरा-वीस काड्या आरपार घातल्या आणि मग नाडी आवळायला त्याच पोराला दिली. आवळून आवळून काड्यांवर येऊन थांबली. म्हटलं आता सांग भोक का राहतं. लगेच म्हणाला काड्या काढायला लागतील सर आधी. स्पास्टिन न शिकवता समजलं त्याला! मग घरून नेलेला कणकेचा गोळा दोन पोरींना दोन बाजूंनी ओढायला लावला, कंबर पडली, लांब दोरा झाला, आणि शेवटी तुटला तेव्हा दोन्हीकडे शेपट्या राहिल्या लोंबत. म्हटलं पेशीला असं परवडत नाही. बेडकाच्या अंड्याचंही सांगितलं काका, चालत नाही ते पण सांगितलं. सुईणीचं सांगितल्यावर मात्र वर्गात अर्धा तास दुसरं काही झालं नाही.

एका मुलीनं विचारलं परीक्षेत काय लिहायचं. म्हटलं खाच पडते एवढंच लिही बाई, मार्क तेवढ्यालाच आहेत.

आणि आता नवीन अडकलोय. तो तिसऱ्या बाकावरचा म्हणतो, दोरा गाठीच्या शेजारी कापतात म्हणताय तर मधली गाठ कुणाच्या वाटणीला जाती?

---

पेट्रीडिश

या मुलाला कुणीतरी लॅबमध्ये आणा रे.

कधी एकाच बाजूला कापलं जातं, मग गाठ दुसऱ्या बाजूच्या पेशीकडे शेपटीसारखी राहते. पण पुष्कळदा आधी एका बाजूला आणि थोड्या वेळानं दुसऱ्या बाजूलाही कापतात, मग गाठ दोघींपैकी कुणाचीच नाही, सुटी होते आणि यातल्या एकीच्या नाहीतर शेजारणीच्या अंगावर बाहेरून चिकटून फिरत राहते. मी एकदा रात्रभराच्या व्हिडिओत एक गाठ तीन पेशींच्या अंगावरून फिरलेली बघितली होती. शेवटी एखादी पेशी ती गिळून टाकते.

---

तासगावचा_मास्तर

सांगतो त्याला. बटवा मात्र आईनं काढून घेतलाय, काड्यांनी अस्तर फाटलं म्हणून.